गाडीला भिंती नाहीत, म्हणून पेटी भरलेली हवी! नव्या ट्रेलर ड्रायव्हरसाठी १५ भन्नाट गोष्टी

रायपूरहून दक्षिणेला निघालं की धानाच्या शेतांमधून रस्ता अभनपूरला पोचतो. इथून राष्ट्रीय महामार्ग ३० सरळ धमतरी, कांकेर, जगदलपूरकडे जातो. महामार्ग १३०-सी राजिम आणि गरियाबंदकडे वळतो. जवळच्या झांकी गावापासून विशाखापट्टणमला जाणारा नवा सहापदरी रस्ता सुरू होतो. या रस्त्यामुळे रायपूर ते विशाखापट्टणम हे अंतर ५९७ किलोमीटरवरून सुमारे ४६५ वर येणार आहे. एकेकाळी अभनपूरहून अडीच फुटी नॅरोगेजची छोटी गाडी धमतरी आणि राजिमला जायची. ३० मार्च २०२५ पासून ब्रॉडगेजवर रायपूरची मेमू धावू लागली. गाव लहान असलं तरी वाहतूक मोठी आहे.

एका बाजूला भिलाई, उरला आणि सिलतराचं पोलाद, दुसऱ्या बाजूला बस्तरमधलं नगरनार, आणि पुढे बंदर. त्यामुळे या पट्ट्यात पावलोपावली दिसतो तो फ्लॅटबेड ट्रेलर. याला बाजूचे फाळके नाहीत, मागचं दार नाही, वर छप्पर नाही. साध्या ट्रकमध्ये माल सरकला तर फाळका थोडा तरी अडवतो. इथे ड्रायव्हरने जे बांधलं, तेच अडवणार. म्हणून या गाडीवर नव्याने बसणाऱ्याची खरी कमाई त्याच्या सामानाच्या पेटीत असते. ही पेटी कशी भरायची, तिच्यातल्या वस्तूंमागे कोणतं गणित आणि कोणता कायदा आहे, ते आता एकेक करून पाहू.

१. २५ टन, आणि थर फक्त १० सेंटीमीटर

पोलादाच्या एका घनमीटरचं वजन ७,८५० किलो असतं. २५ टन पोलाद ४० फूट लांब आणि अडीच मीटर रुंद ट्रेलरवर सारखं पसरलं, तर थर होतो जेमतेम १० सेंटीमीटरचा! तेवढ्याच वजनाचा धान भरला तर थर जवळपास दीड मीटर उंच जातो. अभनपूरच्या खरेदी केंद्रावर धानाची गाडी भरताना पाहिलेल्या नव्या ड्रायव्हरला लोखंडाची गाडी अर्धी रिकामी वाटते. इथेच डोळा फसतो. लोखंड भरताना ‘अजून जागा आहे’ हे वाक्य मनातून काढून टाकायचं. गाडी भरली की नाही, ते जागा पाहून ठरत नाही, काट्यावरचा आकडा ठरवतो.

२. १६ टनांची ओढ

जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, माल मात्र पुढे जायला बघतो. युरोपातलं माल बांधण्याचं मानक सांगतं, की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट ओढ धरून बांधणी करा. म्हणजे २० टनांचं कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) तुमच्या केबिनकडे १६ टनांच्या जोराने येऊ पाहतं आणि वळणावर बाजूला १० टनांच्या जोराने. अमेरिकेत आणखी एक सोपा नियम आहे. सगळ्या बेल्ट आणि साखळ्यांची मिळून कामाची ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी असलीच पाहिजे. २० टनांच्या मालाला किमान १० टनांची बांधणी. हा आकडा पाठ करून ठेवा, लोडिंगच्या जागी कागद-पेन्सिल लागणार नाही.

३. रबरी मॅट: ४८ बेल्टचं काम १० बेल्टवर

या यादीतली सगळ्यात चकित करणारी वस्तू हीच. मालाखाली घालायची घसरणरोधक रबरी मॅट. हिशेब बघा. २० टन माल, घर्षणांक ०.३. १६ टनांच्या ओढीपैकी नुसत्या घर्षणाने ६ टन धरले जातात, उरलेले १० टन बेल्टनी धरायचे. मालावरून टाकलेला एक बेल्ट हाताने कसून दोन्ही बाजू मिळून साधारण ७०० किलोचा दाब देतो असं धरलं, तर त्यातून मिळणारी पकड फक्त २१० किलोची. मग बेल्ट लागतील ४८! आता खाली रबरी मॅट घाला. मॅटसाठी मानकात ०.६ हा घर्षणांक धरतात. घर्षणच १२ टन धरतं, उरतात ४ टन, आणि प्रत्येक बेल्टची पकडही दुप्पट होते. बेल्ट लागतात १०.

हा साधा हिशेब आहे, सुरक्षेसाठीची जादा भर यात धरलेली नाही. पण धडा पक्का आहे. वरून बेल्ट टाकून जड माल अडत नाही. खाली मॅट, पुढे अडसर आणि मालाला थेट खेचून धरणाऱ्या साखळ्या, असा तिहेरी बंदोबस्त लागतो. नव्या ड्रायव्हरने पहिल्या खरेदीत मॅटचे तुकडे घ्यावेत. वजनाला हलके, ठेवायला सोपे.

४. बेल्टची चिठ्ठी बोलते

चांगल्या रॅचेट बेल्टला एक छोटी चिठ्ठी शिवलेली असते. युरोपीय मानकाच्या बेल्टवर चिठ्ठीचा रंगच धागा सांगतो. निळी म्हणजे पॉलिस्टर, हिरवी म्हणजे पॉलिअमाइड, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. तिच्यावर दोन आकडे असतात. एक बेल्ट सरळ ओढीत किती ताण सहन करेल तो, आणि दुसरा रॅचेटच्या दांड्याला हाताने सुमारे ५० किलोचा जोर लावल्यावर बेल्टमध्ये प्रत्यक्ष किती ताण येतो तो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ५० मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या बेल्टची सरळ ओढीतली क्षमता साधारण अडीच टन असते, हाताने येणारा ताण मात्र काही शे किलोच. दुकानदाराने ‘पाच टनी बेल्ट’ म्हटलं, तर आधी चिठ्ठी वाचा. चिठ्ठी फाटलेली किंवा पुसलेली असेल, बेल्टला चीर किंवा गाठ असेल, तर तो बेल्ट माल बांधायला वापरू नका.

५. ३० अंशांत अर्धी ताकद गायब

मालावरून टाकलेला बेल्ट सरळ खाली, ९० अंशांत उतरला, तर त्याचा सगळा ताण मालाला दाबण्यात जातो. ६० अंशांत उतरला तर सुमारे ८७ टक्के. ३० अंशांत? बरोबर निम्मा! बेल्ट तोच, कसण्यासाठी गाळलेला घामही तेवढाच, पण पकड अर्धी. बुटका आणि रुंद माल, उदाहरणार्थ लोखंडी प्लेटा, भरला की बेल्ट आपोआप सपाट कोनात येतो. अशा वेळी मधोमध लाकडाचा उंच ठोकळा ठेवून कोन वाढवता येतो, किंवा सरळ साखळीची थेट बांधणी करता येते. मोबाइलमध्ये कोन मोजणारं ॲप असतं. एकदा वापरून पाहा, डोळ्याला सवय लागेल.

६. कोपऱ्याचं कवच

बेल्टचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे धारदार कड. प्लेट, चॅनल आणि अँगलच्या कडा बेल्टला धक्क्याधक्क्याला कापत जातात. त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे कोपरे. ते कड झाकतात, बेल्टला गोलाई देतात आणि ताण दोन्ही बाजूंना सारखा पोचू देतात. कोपरे नसतील तर जुन्या टायरचे जाड तुकडे तरी ठेवा. पोतं किंवा पुठ्ठा चालत नाही, तो पहिल्या घाटातच फाटतो.

७. साखळीच्या कडीवरचा आकडा

साखळीची जाडी पाहून ताकद ठरवू नका, कडीवर कोरलेला आकडा शोधा. ग्रेड ८० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण घेऊन मग तुटणारं पोलाद, ग्रेड १०० म्हणजे १,००० न्यूटन. १० मिलिमीटर जाडीच्या ग्रेड ८० साखळीला युरोपात ६ टनांहून अधिक बांधणी-क्षमता मिळते. अमेरिकी ट्रकवाले ग्रेड ७० ची साखळी वापरतात, तिला सोनेरी मुलामा असतो. त्यामुळे लांबूनही ओळखता येते. बाजारात मिळणारी बिनआकड्याची साखळी विहिरीच्या रहाटाला किंवा फाटकाला ठीक, मालाला नाही.

साखळी कसायला दोन तऱ्हेचे बाइंडर मिळतात. दांड्याचा आणि रॅचेटचा. दांड्याच्या बाइंडरमध्ये ताण साठून राहतो आणि सोडताना दांडा उसळून तोंडावर किंवा मनगटावर बसू शकतो. त्याला पाइप जोडून जोर वाढवणं तर आणखी धोक्याचं. नव्या हातांनी रॅचेटचाच बाइंडर घ्यावा. थोडा वेळ जास्त लागतो, पण ताण हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो.

८. कॉइल आणि केशकालची बारा वळणं

जगदलपूरजवळच्या नगरनारमध्ये एनएमडीसीचा ३० लाख टन वार्षिक क्षमतेचा पोलाद प्रकल्प आहे. तिथलं पहिलं हॉट रोल्ड कॉइल ऑगस्ट २०२३ मध्ये तयार झालं आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. तिथून रस्त्याने रायपूरकडे यायचं म्हणजे केशकाल घाट उतरणं आलं. एकामागून एक बारा वळणं आणि सगळा उतार. पुढे कांकेर, धमतरी आणि मग अभनपूर. उतारावर कॉइलचा जोर केबिनकडेच असतो.

कॉइल ट्रेलरवर तीन तऱ्हांनी ठेवता येतं. भोक आकाशाकडे, भोक पुढे-मागे, किंवा भोक डाव्या-उजव्या बाजूला. शेवटच्या तऱ्हेत कॉइल सुटलं तर घरंगळत थेट केबिनवर येतं. अमेरिकी ड्रायव्हर या मांडणीला ‘सुसाइड’ म्हणतात, यावरून काय ते समजा. कोणत्याही तऱ्हेत कॉइल नुसतं फळ्यांवर ठेवायचं नाही. आडव्या कॉइलला दोन्हीकडून बसणारे पक्के लाकडी गुटके किंवा लोखंडी पाळणा, खाली रबरी मॅट, आणि भोकातून आडव्या-तिरप्या नेलेल्या साखळ्या हव्यात. गुटके सालीच्या कच्च्या लाकडाचे नकोत. ते दबतात, आणि गुटका दबला की साखळी ढिली पडते.

९. १२ मीटरची सळी, १९ सेंटीमीटरची शिल्लक

टीएमटी सळीची नेहमीची लांबी १२ मीटर. ४० फुटी ट्रेलरची लांबी १२.१९ मीटर. म्हणजे सगळी मिळून उरते फक्त १९ सेंटीमीटर जागा! जालन्याच्या भट्ट्यांमधून निघालेली सळी असो की रायपूरच्या, गणित हेच. भारा जरा मागे सरकला, की सळ्यांची टोकं बाहेर.

पूर्वी नियमात माल ठरावीक मर्यादेत मागे बाहेर ठेवायची सवलत होती. बाहेर डोकावणाऱ्या सळ्यांनी मागून येणाऱ्यांचे इतके बळी घेतले, की रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ही सवलत काढून टाकली. टोकाला लाल फडकं बांधलं म्हणजे चालतं, हा समज तेव्हापासून मोडीत निघाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर गेला, तर दंड २०,००० रुपये आहे. पेटीत मोजपट्टी ठेवा. निघण्याआधी मागचं टोक मोजायला अर्धं मिनिट लागतं.

जाता जाता एक मौज. भिलाईत रेल्वेचा १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो आणि दोन जोडून २६० मीटरचा. असे रूळ खास मालगाड्यांनीच जातात, आणि वळणावर मालाबरोबर वाकतही जातात.

१०. सळी मोजायचं जादूचं सूत्र

बांधकामावरच्या प्रत्येक मुकादमाला हे पाठ असतं, ड्रायव्हरनेही पाठ करावं. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. उत्तर येईल एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळी: १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. १२ मीटरची पूर्ण सळी साधारण १०.७ किलो. २५ मिलिमीटरची पूर्ण सळी ४६ किलोहून जास्त. प्लेटसाठी त्याहून सोपं. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड प्लेटचं वजन ७.८५ किलो.

भारे मोजा, गुणाकार करा, बिल्टीवरच्या वजनाशी ताडून पाहा. जास्त भरलं असेल तर कायद्याने २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तीन टन जादा म्हणजे २६,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. जुलै २०१८ मध्ये सरकारने ॲक्सलचं मान्य वजन वाढवलं. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ वरून ११.५ टन, जोड ॲक्सलला १९ वरून २१ टन. ट्रेलरगाडीचं मालासह कमाल वजन आता ५५ टन आहे. तुमच्या गाडीच्या आरसीवर जे लिहिलंय, तेच मात्र तुमचं.

११. ताडपत्री, आणि तिप्पट ओढणारी गाठ

छत्तीसगडच्या पावसात उघडं पोलाद दोन दिवसांत तांबूस होतं. कोल्ड रोल्ड कॉइल किंवा पॉलिश केलेला माल तर एका रात्रीत खराब होतो आणि घेणारा तो परत पाठवतो. म्हणून फ्लॅटबेडवाल्याकडे दोन ताडपत्र्या हव्यात. एक मोठी, एक लहान. पुढची ताडपत्री मागच्या ताडपत्रीवर आली पाहिजे, म्हणजे वारा आणि पाणी जोडातून आत घुसत नाही. ताडपत्री माल झाकते, माल धरत नाही. तिच्या दोरीवर विसंबून एकही भारा सोडायचा नाही.

दोरी बांधताना ‘ट्रकर्स हिच’ ही गाठ शिका. दोरीत मध्ये एक फास करायचा, टोक खालच्या कड्यातून काढून त्या फासातून ओढायचं. दोरीच्या घर्षणात थोडी ताकद जाते, पण कागदावर या रचनेत ओढ तिप्पट होते. जगभरच्या ट्रकवाल्यांचं हे जुनं शहाणपण. कोणताही अनुभवी उस्ताद दहा मिनिटांत शिकवेल.

१२. दोन इंची पिनेवर सगळा डोलारा

‘घोडा’, म्हणजे पुढचं इंजिन-केबिन, आणि मागचा ट्रेलर यांना जोडते एक खिळी. किंगपिन. तिची दोन मापं प्रचलित आहेत. दोन इंची आणि साडेतीन इंची. पन्नास टनांच्या आसपासची गाडी ओढायची ती एवढ्याशा लोखंडावर! म्हणून जोडणी करताना दोन गोष्टी कराच. घोड्याच्या जबड्याचं आणि किंगपिनचं माप एकच आहे का पाहा. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून घोडा हलकेच पुढे ओढून पाहा. जोड पक्का असेल तर गाडी जागची हलत नाही. मग टॉर्च घेऊन खाली वाका आणि जबडा बंद झालाय का, ते डोळ्यांनी बघा. यासाठी पेटीत डोक्याला लावायचा टॉर्च ठेवा. दोन्ही हात मोकळे राहतात.

आणखी एक गंमत. ट्रेलरच्या पार्किंग ब्रेकमध्ये जाडजूड स्प्रिंग असते. हवा असली की ब्रेक सुटतो, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावून टाकते. म्हणूनच हवेची नळी फुटली की गाडी धावत सुटत नाही, जागीच जाम होते. तरीही उतारावर उभी करताना चाकाखाली गुटके हवेतच. दोन नाही, चार.

१३. टायर ठोकून कळतं, पण मोजून पक्कं कळतं

टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं ही जुनी विद्या. पूर्ण बसलेला टायर तिने कळतो. पण थोडीशी कमी हवा कानाला कळत नाही, आणि जोडीतल्या आतल्या टायरची तर अजिबात नाही. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि मे महिन्यात, रायपूरचा पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असताना, फुटतो. स्वतःचा हवा मोजायचा गेज ठेवा आणि टायर थंड असताना, सकाळी मोजा. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमाने बाद. टायरच्या खाचांमध्येच या उंचीचे छोटे उंचवटे केलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की दुसऱ्या खुणेची वाट पाहू नका.

आणि टायर बघता बघताच बांधणीही बघा. अमेरिकी कायद्यात पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत माल तपासणं बंधनकारक आहे, आणि त्यानंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी. रायपूरहून निघालेल्या गाडीला अभनपूर ही पहिल्या तपासणीची उत्तम जागा आणि धमतरी दुसरीची. नागपूरकडे निघालेल्यांना महामार्ग ५३ लागतो. याच महामार्गावर अमरावती ते अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एक पदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि गिनीज बुकात गेला. रस्ता कितीही गुळगुळीत असो, माल बसतो आणि बेल्ट ढिला होतोच. थांबा, कसा, मग निघा.

१४. २०० ज्यूलचे बूट आणि तीन रंगांची पट्टी

सेफ्टी बुटाच्या टोकातली टोपी २०० ज्यूलचा आघात झेलते. म्हणजे २० किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं तरी बोटं शाबूत! चपलेवर लोडिंग करणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांची बोटं सळीच्या भाऱ्याखाली गेली आहेत. बुटांबरोबर जाड चामड्याचे हातमोजे, हेल्मेट आणि चमकणारं जाकीट घ्या. क्रेन चालू असताना ट्रेलरवर उभं राहायचं नाही. हा नियम कोणत्याही वस्तूपेक्षा मोठा, आणि त्याला पैसा लागत नाही.

ट्रेलरवरच्या चमकत्या पट्टीचे रंगही शिकून घ्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. समोरच्याला रंगावरूनच कळतं, की गाडीची कोणती बाजू आपल्याकडे आहे. चिखल-धुळीने पट्टी झाकली की ट्रेलर अंधारात अदृश्य होतो. पेटीत एक ओला फडका ठेवा आणि संध्याकाळी दिवे लावण्याआधी पट्टी पुसा. गाडी बंद पडली तर चमकता त्रिकोण मागे लांब ठेवा. ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर किमान ४५ मीटर मागे ठेवायला सांगतात. ८० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते, तेव्हा तेवढं अंतर म्हणजे जेमतेम दोन सेकंद. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. मागून येणाऱ्याला तुमचा ट्रेलर वेळेत दिसावा, यासाठी एक फडका आणि एक त्रिकोण एवढं तर आपण करूच शकतो.

१५. मोबाइल, पाणी आणि बोरे बासी

शेवटची पेटी खिशात असते. लायसन्स, आरसी, विमा, फिटनेस हे सगळं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा, ते कायद्याने चालतं. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणून निघण्याआधी त्यातली शिल्लक पाहा. ई-वे बिलाची मुदत तर फ्लॅटबेडवाल्याने खास बघायची. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, पण गाडीच्या मापाबाहेरच्या अवाढव्य मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. नव्या रस्त्याने रायपूर ते विशाखापट्टणम साध्या मालाला ३ दिवसांची मुदत, अवाढव्य मालाला २४ दिवसांची! राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, कुठल्याही आणीबाणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ हे क्रमांक जतन करा. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे. हे क्लीनरलाही माहीत असू द्या.

शरीर हेही सामानच. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार झालेल्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. जुन्या गाडीवाल्यांनी पाण्याचा मोठा कॅन आणि ओआरएसची पाकिटं ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. छत्तीसगडचा स्वतःचा उपाय म्हणजे बोरे बासी, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि चटणीसोबत. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने १ मे हा दिवस बोरे बासीच्या नावे साजरा केला. उन्हात राबणाऱ्या माणसाचं हे अन्न पोट थंड ठेवतं, आणि जड जेवणानंतरची पेंग येत नाही. झोपेला मात्र पर्याय नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली, ती उगीच नाही.

आता खरेदीचा क्रम. पहिल्या पगारातून बूट, हातमोजे, टॉर्च, हवेचा गेज आणि मोजपट्टी. या तुमच्या अंगाच्या वस्तू आहेत, गाडी बदलली तरी सोबत येतील. बेल्ट, आकडा कोरलेल्या साखळ्या, रॅचेट बाइंडर, रबरी मॅट, कोपरे, गुटके, ताडपत्री आणि त्रिकोण हे गाडीचं सामान आहे. ते मालकाकडून लेखी मागा. न लाजता मागा. मालक आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनाही कळकळीची विनंती आहे. लाखोंच्या गाडीवर आणि लाखोंच्या मालावर नवं पोरगं बसवताना काही हजारांच्या साखळ्यांत हात आखडू नका. आणि ड्रायव्हर भाऊ, बांधणी अपुरी वाटली तर गेटबाहेर निघू नका. माल उशिरा पोचला तर भाडं थोडं कमी होईल, पण तुम्ही घरी पोचाल. घरच्यांना तेवढंच हवं असतं.